तुमच्यावाचून चर्चमध्ये काय अडतं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय एकतीस, मूळ गाव नगरकडचं, आयटीतली नोकरी मिहानमध्ये, नागपुरात येऊन तीन वर्षं झाली. रविवारी सदरमधल्या चर्चला जाता आणि शिफ्ट आडवी आली की मोबाइलवर उपासना लावता. पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, तुमचं नावही माहीत नाही ही तुमची तक्रार. तुम्ही लिहिलंय, "चर्चला जाऊन आलो काय आणि घरी बसून पाहिलं काय, मला फरकच जाणवत नाही. मी नुसता बघ्या झालोय. गाता येत नाही, चार माणसांत बोलता येत नाही. मग भाग घ्यायचा म्हणजे करायचं काय? की चर्चच बदलू?"

गाणं आणि बोलणं ही तुमची खरी अडचण आहे असं मला वाटत नाही. मी उलट दोन प्रश्न विचारतो. गेल्या तीन वर्षांत एखाद्या रविवारी तुम्ही गेला नसाल, तर सोमवारी कोणाचा फोन आला का? आणि तुम्ही न गेल्यामुळे तिथलं एखादं काम खोळंबलं का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर घर आणि चर्च यांत फरक जाणवणार तरी कसा? तुमच्यावाचून तिथे काही अडत नाही, आणि तुमचंही तिथे कोणावाचून काही अडत नाही. मूळ दुखणं एवढंच आहे. ते श्रद्धेच्या कमतरतेचं दुखणं आहे असं मनात घेऊ नका.

मी पाळक नाही, सेमिनरीची, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेची, पायरीही चढलेलो नाही. रेल्वेत होतो, अजनीला. आता निवृत्त आहे. गेली तेवीस वर्षं आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, शब्बाथशाळा (मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग), आजाऱ्यांच्या भेटी आणि नव्या माणसांना कामाला लावणं हे करतोय. त्याआधी चौदा वर्षं मी तुमच्यासारखाच होतो. मागून दुसरा बाक, दाराजवळ, पंख्याखाली. शेवटचं गीत सुरू झालं की स्कूटरची किल्ली हातात.

मी त्या बाकावरून कसा उठलो ते सांगतो. त्यात कुठलाही साक्षात्कार नाही. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा, रविवार होता. बाहेर जोराचा पाऊस लागला म्हणून निघता येईना, तेव्हा व्हरांड्यातून मागच्या खोलीत डोकावलो. तिथे एक म्हाताऱ्या मावशी एकट्याच द्राक्षरसाचे छोटे ग्लास धूत होत्या. शंभरेक असतील. गोल खाचांचा तो ट्रे असतो ना, त्यातून एकेक काढायचा, कोमट पाण्यातून खंगाळायचा, उजेडाकडे धरून काठावर ओठांचा डाग राहिलाय का बघायचं, मग कापडावर पालथा घालायचा. मी दारात उभा. त्यांनी मान वर न करताच म्हटलं, "उभा राहून काय पाहून राहिला रे बाबू? टॉवेल धर."

मी टॉवेल धरला. पाऊस अर्ध्या तासात थांबला, ग्लास पुसायला पाऊण तास लागला. पुसता पुसता मावशींनी मला निम्म्या मंडळीची माहिती दिली. हे दोन ग्लास वेगळे ठेवायचे, कारण ते अमक्या आजोबांना घरी नेऊन द्यायचे असतात, त्यांना आता जिना उतरवत नाही. त्या कोपऱ्यातल्या बाई प्रभुभोजन घेत नाहीत, मुलाशी बोलणं तुटलंय, तो विषय काढू नकोस. चौदा वर्षं मी ज्या लोकांच्या पाठी पाहत बसलो होतो, त्यांचे चेहरे मला त्या पाऊण तासात दिसले. निघताना मावशी म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात लवकर ये. माझ्या हाताला मुंग्या येतात आता." पुढच्या महिन्यात त्या रविवारी माझा एका मित्राकडे जायचा बेत होता. मी मित्राकडे गेलो नाही. मावशींचं अडलं असतं.

आपल्याकडच्या पंगतीत हे रोज घडतं. जेवायला बसलेल्याला फक्त आपलं पान दिसतं. भाजी कमी पडली, वरण गार झालं, एवढंच. तोच माणूस उठून हातात भाताचं पातेलं घेतो तेव्हा त्याला ओळीतली सगळी पानं दिसतात. म्हातारबुवांच्या पानात मीठ नाही, लहान पोर उपाशी बसलंय, पलीकडची बाई लाजून मागत नाहीये. गंमत म्हणजे वाढप्याला स्वतःच्या जेवणाची तक्रार करायला वेळच नसतो. 'आजचं प्रवचन मला लागलं नाही', 'आज गायन जमलं नाही' हे पानावर बसलेल्याचं बोलणं आहे. मीही चौदा वर्षं तेच बोलत होतो.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही.

पहिलं म्हणजे तुमचं चर्च कुठल्या परंपरेचं आहे. एकट्या नागपुरात किती तऱ्हा आहेत पाहा. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले ते स्कॉटिश मिशनचे, त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या मंडळ्यांत सामान्य सभासदांतून निवडलेल्या वडीलधाऱ्यांना (एल्डर) मोठा मान. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, वळणाच्या मंडळीत प्रार्थना पुस्तकातून, आणि लोकांनी उत्तरं द्यायची ठरलेली. २९ नोव्हेंबर १९७० ला याच शहरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तरी जुन्या सवयी भिंतींत मुरलेल्या आहेत. एकाच डायोसिसमधल्या (बिशपच्या प्रांतातल्या) दोन चर्चांत 'शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, कोणी वाचायचा' याचे रिवाज निराळे सापडतील. मेथॉडिस्टांची अमेरिकी शाखा त्या ऐक्यात आली नाही, त्यामुळे त्यांच्या मेकोसाबागेतल्या चर्चकडची पद्धत आणखी वेगळी. पेंटेकॉस्टल सभेत तर पहिल्याच दिवशी कोणी तुमच्या हातात माइक देईल. तुम्ही कुठल्या चर्चला जाता ते लिहिलं नाही, म्हणून मी जे सर्वत्र चालेल तेवढंच सांगतोय.

कॅथलिक असाल तर एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ ला उपासनेबद्दलचा जो दस्तऐवज काढला, त्यात लोकांचा पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभाग मागितला आहे. सक्रिय म्हणजे काय याची यादी करताना गाणं, उत्तरं देणं, हावभाव आणि शरीराची ठेवण याबरोबर शांत राहणंही घातलं आहे. मी प्रॉटेस्टंट माणूस, पण मला हे फार पटतं. मन लावून गप्प बसणाराही भाग घेत असतो. गिटार वाजवणारा पोरगा डोळ्यांच्या कोपऱ्यातून 'व्हिडिओ कोण काढतंय' बघत असेल, तर बघ्या तोच. जागा स्टेजवर आहे की बाकावर, यावरून काही ठरत नाही.

दुसरं, तुमचा बाप्तिस्मा झालाय का, दृढीकरण (मोठेपणी स्वतः श्रद्धा कबूल करण्याचा विधी) झालंय का, की तुम्ही अजून विचारात आहात. तुम्ही काही लिहिलं नाही आणि मी विचारतही नाही. विचारात असाल तर बहुतेक चर्चांत प्रभुभोजन घेता येणार नाही, मतदान करता येणार नाही. बाकी खुर्च्या लावायला आणि आजाऱ्याजवळ बसायला कोणी दाखला मागत नाही. आणि घाई करू नका. कवी नारायण वामन टिळकांना नवा करार (बायबलचा दुसरा भाग) मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला १९०० मध्ये. पाच वर्षं ती बाई अगदी जवळून पाहत होती, भांडत होती, तपासत होती. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा ख्रिस्तचरित्राचं त्यांचं महाकाव्य 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं. ते पुरं कोणी केलं? लक्ष्मीबाईंनी, स्वतःचे ६४ अध्याय लिहून. बघणं वाईट नाही. त्यातून काहीतरी शिजत असलं पाहिजे.

तिसरं म्हणजे तुमची शिफ्ट. ज्याचा रविवार हक्काचा नाही, त्याने दर रविवारचं काम अंगावर घेऊ नये. दोनदा गैरहजर राहाल, शरम वाटेल, तिसऱ्यांदा चर्चलाच जाणार नाही. मी हे होताना पाहिलंय, आणि त्यात माझीही चूक होती. एक तरतरीत मुलगा आला. आम्ही माणसांना भुकेलेले. महिनाभरात त्याच्या गळ्यात प्रोजेक्टर, तरुण संघ, नाताळची नाटिका आणि कॅरल पार्टीची गाडी, सगळं घातलं. जानेवारीत पोरगा दिसेना. फोन केला तर म्हणाला, "काका, ऑफिसात पण हेच करतो ना मी." तेव्हापासून माझा नियम आहे. नव्या माणसाला एकच काम, तेही असं की त्याला माणसाशी बोलावं लागेल. मशीनशी नव्हे. तुम्ही आयटीतले आहात म्हणून कोणीतरी तुम्हाला लगेच लाइव्ह स्ट्रीमिंगवर बसवेल. सहा महिने तरी नम्रपणे नाही म्हणा. कॅमेऱ्यामागे बसलात तर पुन्हा बघतच राहाल, फक्त जास्त महागड्या भिंगातून.

मग काम कुठलं? मी स्वतः कशाकशातून लोकांना नेतो ते सांगतो.

शास्त्रपाठ वाचणं हे सर्वांत सोपं वाटतं आणि सर्वांत वाईट केलं जातं. पाठ आदल्या आठवड्यात मागून घ्या. घरी मोठ्याने पाच वेळा वाचा. पेन्टेकॉस्टच्या (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या) रविवारी बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये'चा दुसरा अध्याय आला, की पार्थी, मेदी, एलामी, पुढे फ्रुगिया, पंफुल्या असं येतं आणि भला भला वाचक तिथे ठेचकाळतो, मुलं खुदखुदतात. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर, त्याचं नाव तर दरवर्षी कोणाचा ना कोणाचा बळी घेतोच. चार माणसांत बोलता येत नाही म्हणालात. इथे तुमचे शब्द नाहीत, दुसऱ्याचे आहेत, फक्त आवाज तुमचा. बोलण्याची भीती मोडायला याच्याइतका उतारा मला माहीत नाही. शिवाय पाच वेळा वाचल्यावर त्या रविवारचं प्रवचन तुम्ही वेगळ्या कानांनी ऐकता. पाळकसाहेबांनी एखादी ओळ सोडून दिली तर ती तुम्हाला खटकते. हा बदल तुम्हाला जाणवेल.

घरगुती प्रार्थनासभा हे दुसरं. आमच्याकडे काही जण अजून कॉटेज मीटिंग म्हणतात. मंगळवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी आठ-दहा जण. माझा अनुभव असा की रविवारच्या दोनशे माणसांत जे वर्षभरात होत नाही, ते या दहा जणांत दोन महिन्यांत होतं, कारण लपायला जागाच नसते. मोहननगरात एका दोन खोल्यांच्या घरात आमची सभा असते. मे महिना, बाहेर पंचेचाळीसच्या वर, आणि प्रार्थना सुरू झाली की कूलर बंद, कारण त्याच्या आवाजात कोणाचं काही ऐकू येत नाही. घामाच्या धारा लागलेल्या असतात. मग सगळ्यांच्या प्रार्थना आपोआप मुद्द्याच्या होतात! थंडीत मात्र त्याच लोकांची प्रार्थना 'हे स्वर्गीय, दयाळू, कृपाळू, प्रेमळ, पवित्र बापा' इथून सुरू होऊन वीस मिनिटं चालते.

अशा सभेत कधीतरी 'तुम्ही प्रार्थना करा' असं म्हणतीलच. घाबरू नका. चिठ्ठीवर तीन वाक्यं लिहून न्या. एक आभाराचं, एक त्या घरासाठी, एक स्वतःसाठी. वाचून दाखवलं तरी चालतं. आमच्याकडे एका मुलाने पहिल्यांदा केलेली प्रार्थना मला अजून पाठ आहे. "प्रभू, या आजींचा गुडघा बरा कर. लाइट जाऊ देऊ नकोस. आमेन." आजी आजही त्याची आठवण काढतात. गुडघा काही बरा झाला नाही, पण 'माझ्या गुडघ्याचं नाव घेऊन' देवाशी कोणीतरी बोललं, याचं त्यांना कोण अप्रूप.

तिसरी गोष्ट आजाऱ्यांच्या भेटी. याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे चुका महागात पडतात. मंडळीतलं कोणी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत भरती झालं की आम्ही दोघे-दोघे जातो. सुरुवातीला मी बायबल घेऊन जायचो, आता थर्मास घेऊन जातो. वॉर्डात पेशंटपेक्षा त्याच्याबरोबर राहणारा माणूस जास्त पिचलेला असतो. रात्रभर फरशीवर चादर टाकून झोपलेला, सकाळपासून औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन पळणारा. त्याला म्हणायचं, तुम्ही अंघोळ करून, खाऊन या, तोवर मी बसतो. त्या तासाभरात सलाइनवर नजर ठेवायची, सिस्टरला हाक मारायची, बास. प्रार्थना करू का असं विचारायचं, 'हो' म्हटलं तर दोन मिनिटं, हळू आवाजात. 'देवाची परीक्षा आहे' असलं काही बोलायचं नाही. आणि शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी माणसाला पत्रकं द्यायची नाहीत. तो उठून जाऊ शकत नाही, म्हणून तो ऐकून घेतो. त्याच्या लाचारीवर आपला उत्साह भागवणं मला पटत नाही, मग कोणी मला कमी आवेशाचा म्हणो. त्याला पाणी हवं असेल तर पाणी द्या.

शिफ्टवाल्या माणसाला हे काम फार सोयीचं. मंगळवारी दुपारी तुम्ही मोकळे असता तेव्हा बाकी मंडळी ऑफिसात असते. तुमची गैरसोयीची वेळ इथे नेमकी कामाची ठरते.

शब्बाथशाळेबद्दल एवढंच, की मुलांची आवड असेल तरच जा. मुलांना बघ्या माणूस लगेच ओळखू येतो.

बायबलमध्ये एक अध्याय आहे जो सगळे चाळून पुढे जातात. रोमकरांस पत्राचा सोळावा. त्यात नुसते सलाम आहेत. पत्र लिहिणारा प्रेषित पौल वीस-पंचवीस जणांना नावानिशी सलाम सांगतो, आणि बहुतेक नावांना काहीतरी चिकटलेलं आहे. फीबी मंडळीची सेविका. प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी मंडळी जमते. मरीयेने तुमच्यासाठी पुष्कळ श्रम केले. त्या काळी चर्चची इमारत नव्हतीच, लोक घरांत जमत, त्यामुळे मागचा बाक नावाची सोयही नव्हती. आणि शेवटी शेवटी एक ओळ अचानक दुसऱ्याच माणसाची येते. हे पत्र लिहून काढणारा मी तर्तियस, तुम्हाला सलाम सांगतो. पौल सांगत होता, हा लिहीत होता. गाणं नाही, भाषण नाही. हातात लेखणी, आणि मध्येच डोकं वर काढून स्वतःचा एक सलाम. दोन हजार वर्षं त्याचं नाव टिकलंय. त्याच्या पुढच्याच ओळीत क्वर्त नावाचा एक जण आहे, त्याचं तर कामही सांगितलेलं नाही. फक्त 'आपला बंधू'. तुम्हाला कुठलंच काम जमलं नाही तर निदान क्वर्त व्हा.

मोबाइलवरच्या उपासनेबद्दल. २०२० चा पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर), १२ एप्रिल, लॉकडाउनमुळे आपण सगळ्यांनी घरात बसून केला. तेव्हा ती गरज होती, आणि ज्यांनी धडपडून घरबसल्या उपासना पोचवली त्यांचे उपकारच आहेत. आमच्या मंडळीत तीन-चार वृद्ध आहेत ज्यांचं अजून त्यावरच भागतं. पण त्यांतल्या एक आजी मोबाइल समोर ठेवतात, डोक्यावर पदर घेतात, गीतांचं पुस्तक उघडतात, पाळक म्हणाले 'उभे राहू या' की पलंगाचा दांडा धरून उभ्या राहतात. त्या बघत नाहीत, हजर असतात. तुम्ही चहा पिता पिता, मध्येच बँकेचा मेसेज बघत पाहत असाल तर अडचण मोबाइलची नाही. शिफ्टच्या रविवारी ऑनलाइनच पाहायचं असेल तर आजींसारखं पाहा, आणि संपल्यावर मंडळीतल्या कोणातरी एकाला फोन करा. 'आज आलो नव्हतो, काय विशेष?' एवढंच. या फोनची लाज वाटते, पण तुम्ही दोनदा केलात की तिसऱ्यांदा समोरचा करतो.

आता एक धोक्याची पाटी. तुम्ही शिकलेले, हिशेबाला पक्के दिसता. वर्षभर नियमित दिसलात की कोणीतरी म्हणेल, कमिटीत या. दोन वर्षं तरी जाऊ नका. मी गेलो होतो. सेक्रेटरी असताना तीन वर्षं मी एकही प्रवचन धड ऐकलं नाही. उपासना चालू असताना मी जनरेटरपाशी, नाहीतर पार्किंगमध्ये, नाहीतर कोणाशी तरी कुजबुजत. एका वर्षी हंगामाच्या सणाला (पिकाबद्दल आभार मानायचा सण) चर्चला आलेल्या भेटींच्या लिलावात एक भोपळा दोन घरांनी ईर्षेने चढवत नेला, पुढे त्या पैशांच्या हिशेबावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं आणि मी मध्ये सापडलो. घरी येऊन बायकोला म्हणालो, आता चर्चचं नाव काढू नको. ती म्हणाली, "तुम्ही आधी बाकावर बसून पाहत होता, आता उभ्याने पाहता. फरक काय?" येशू घरी आला असता मार्था कामात गुंतली आणि मरीया ऐकत बसली, ती गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली होती, पण कळली त्या दिवशी. राजीनामा दिला आणि परत ग्लास पुसायला गेलो. मावशी तोवर गेल्या होत्या. ट्रे तोच होता.

म्हणजे काम घेतल्यावरही माणूस बघ्या होऊ शकतो, हे ध्यानात ठेवा. त्यावर माझा उपाय अगदी घरगुती आहे. रविवारचा पाठ शनिवारी रात्री वाचून ठेवायचा आणि वहीत एक प्रश्न लिहायचा. उपासनेत त्याचं उत्तर मिळालं तर ठीक, नाहीतर पाळकांना दारात विचारायचा. पाळकांना 'छान संदेश दिलात' ऐकून ऐकून कंटाळा आलेला असतो. खरा प्रश्न विचारणारा माणूस ते महिनाभर विसरत नाहीत. तुमच्या पाळकांना तुमचं नाव माहीत नाही ही तुमची तक्रार त्यातच मिटेल.

चर्च बदलण्याबद्दल. तिथे कोणाचा छळ होत असेल, पैशांचा किंवा मुलांच्या सुरक्षिततेचा गंभीर घोळ असेल, किंवा शिकवणच तुमच्या विवेकाला पटत नसेल, तर बदला, माझी हरकत नाही. पण 'ओळख नाही' हे कारण असेल तर नव्या चर्चमध्येही पहिले सहा महिने तेच होणार. तिकडचा गायनसंच चांगला असेल, म्हणजे बघायला जास्त मजा येईल, इतकंच. मी सांगेन की एक काम धरून सहा महिने काढा, मग ठरवा. काही मंडळ्या खरोखर बंद दाराच्या असतात. ठरावीक चार घरांशिवाय कोणाला आत घेत नाहीत. तुम्ही तीनदा काम मागून तीनदा नकार आला, तर तिथे तुमचा दोष नाही. मग निघा.

काम मागायचं कसं, तेही सांगतो, कारण बरेच जण इथे फसतात. 'माझ्या लायकीची काही सेवा असेल तर सांगा' असं पाळकांना म्हटलं की ते 'हो हो, प्रार्थनेत ठेवू' म्हणतात आणि विषय संपतो. त्याऐवजी उपासना संपल्यावर दहा मिनिटं थांबा. निघू नका. कोण काय उचलतंय ते बघा. सतरंजी गुंडाळणारे, गीतांची पुस्तकं गोळा करणारे, चहाचे कप धुणारे, वेदीवरची फुलं आवरणारे. त्यांतलं सर्वांत म्हातारं माणूस शोधा आणि त्याच्या हातातलं अर्धं ओझं घ्या. कोणाची परवानगी लागत नाही. त्या माणसाला गावाकडचं नाव सांगा. नगरचे म्हटल्यावर राहुरीच्या, संगमनेरच्या ओळखी निघतीलच, आपल्या लोकांत निघाल्याशिवाय राहतच नाहीत.

आणि गाता येत नाही म्हणालात. मलाही येत नाही. आमच्या पेटीवाल्याने एकदा प्रेमाने सांगितलं होतं, काका, तुम्ही मनात गा. तेव्हापासून मी गायनमंडळाच्या पुस्तकांवर कव्हरं घालतो आणि फाटलेली पानं चिकटवतो. या रविवारी सत्तावीस पुस्तकं दुरुस्त करायची आहेत, पुढच्या आठवड्यात सराव सुरू होतोय. सदरपासून आमचं चर्च फार लांब नाही. डिंक मी आणतो.